चढ, उतार आणि सायकलचा सरासरी वेग

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वप्रथम सर करणाऱ्या स्पर्धकाला ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो. या वाटेवर आधी कोकणची सपाटी लागते, खोपोलीपासून घाट सुरू होतो आणि लोणावळ्यानंतर पठार येते. जुन्या रस्त्यावरील शिंग्रोबा मंदिराजवळच्या चढावर भलेभले स्पर्धक सर्वांत हलक्या गिअरवर येतात. सायकल तीच, पाय तेच. बदलते ती केवळ भूमी.

सायकलस्वाराला टायर व रस्ता यांतील घर्षण, वायुरोध आणि गुरुत्वाकर्षण यांच्याशी झुंजावे लागते. सपाटीवर वायुरोध प्रबळ असतो. त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चढावर मात्र गुरुत्वाकर्षणाचेच राज्य असते. सायकलसह ८० किलो भरणारा स्वार सुमारे १८० वॉट शक्ती सातत्याने लावत असेल, तर वारा नसताना सपाटीवर त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास राहतो. शेकडा १ इतका, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा चढसुद्धा हा वेग २६ वर आणतो आणि शेकडा ६ च्या चढावर तो १२ पर्यंत घसरतो.

चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघतो, ही समजूत सार्वत्रिक आहे; पण ती चुकीची आहे. वरील स्वार १० किलोमीटरचा चढ ताशी १२ च्या वेगाने चढला आणि तेवढाच उतार ताशी ४८ ने उतरला, तर सरासरी ३० येत नाही, १९.२ येते. कारण चढायला ५० मिनिटे लागतात आणि उतरायला साडेबारा. सरासरी काढताना मंद गतीचा काळच जड ठरतो. त्यातच उतारावर मिळालेली बरीचशी ऊर्जा हवा गिळते, उरलेली वळणावळणांवर ब्रेकमध्ये खर्ची पडते.

वजनाचा परिणामही भूमीनुसार पालटतो. तीव्र चढावर हलक्या अंगाचा स्वार सरस ठरतो. सपाटीवर धिप्पाड, बलवान स्वाराला वजन फारसे आड येत नाही. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील ग्रेनखेन येथे एका तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापणारा इटलीचा फिलिप्पो गान्ना अशाच भारदस्त बांध्याचा आहे. बंदिस्त, सपाट धावपट्टीवरील हा वेग कोणत्याही घाटाच्या चढावर अशक्यच.

भूमीचा हा प्रभाव ओळखूनच ‘टूर द फ्रान्स’मध्ये घाटांची चौथ्यापासून पहिल्यापर्यंत प्रतवारी केली जाते, त्यांहूनही खडतर घाट ‘श्रेणीबाह्य’ गणले जातात. ब्रेव्हे या ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत मात्र २०० किलोमीटरला साडेतेरा तास ही मर्यादा सपाटीला आणि डोंगराला सारखीच असते. म्हणून सायकलस्वारांनी आपल्या नोंदवहीत सरासरी वेगाशेजारी एकूण चढाईचे मीटरही अवश्य लिहावेत. त्यांवाचून दोन फेऱ्यांची तुलना करू नये.