आधी बाजार आखला, मग शहर वाढले

लग्नाचा बस्ता असो, सुनेचे डोरले असो की वर्षाची मिरची, शिरूर अनंतपाळ भागातल्या घरांना मोठ्या खरेदीसाठी लातूरची गंजगोलाई परकी नाही. मधोमध दुमजली गोलाकार इमारत, तिच्या पोटात अंबाबाईचे देऊळ आणि इमारतीला येऊन मिळणारे 16 रस्ते. या रस्त्यांवर सोन्यापासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सारे मिळते. कापड लाइन, भुसार लाइन, गूळ मार्केट ही नावे सांगितली की पत्ता विचारावा लागत नाही.

निजामाच्या राजवटीत, 1917 साली ही इमारत उभी राहिली. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. काळही नीट पाहावा. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट 1911 मध्ये लातूरला पोहोचली आणि इथला माल कुर्डुवाडीमार्गे मोठ्या रेल्वेला मिळू लागला. रेल्वे आल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत गोलाई उभी राहिली. दुकाने कुठे, रस्ते कुठे, माणसे कुठून येणार, याचा विचार कागदावर आधी झाला. शहर नंतर या चाकाभोवती पसरत गेले.

ते पसरणे मात्र असे आखलेले नव्हते. 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला, 2011 मध्ये महानगरपालिका आली. दरम्यान शिक्षणाच्या ‘लातूर पॅटर्न’ने बाहेरगावची मुले आणली. औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड या बाजूंना वस्ती वाढली. घर म्हणून बांधलेल्या इमारतीत वर वसतिगृह, खाली झेरॉक्स, बाजूला खानावळ असे चित्र दिसू लागले. राहत्या वस्तीत दुकाने किती असावीत, हा वाद इथूनच सुरू होतो.

वादाच्या दोन्ही बाजूंना दम आहे. निवृत्त माणसाला औषधाचे दुकान आणि किराणा पायी जाता येईल इतक्यावर हवा असतो. दारापुढे लागणाऱ्या गाड्या आणि रात्रीचा गोंगाट नको असतो. रस्त्याकडेच्या घरमालकाला गाळ्याचे भाडे म्हणजे म्हातारपणाची सोय वाटते. मागच्या गल्लीतल्याला तेच गाळे त्रासाचे. हातगाडेवाल्याची तर बाजूच कुणी मांडत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायला सांगितले आहे. पण आराखड्यात जागाच ठेवली नसेल, तर ते रस्त्यावरच उभे राहणार. खुद्द गोलाईलाही हे चुकलेले नाही. बैलगाड्यांच्या काळात 16 रस्ते एकत्र येणे हे बळ होते. चारचाक्यांच्या काळात तीच कोंडी झाली.

हाच प्रश्न आता छोट्या गावांच्या दाराशी आहे. शिरूर अनंतपाळ 1999 मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले, पुढे नगरपंचायत आली. तालुका म्हटला की तहसील, पंचायत समिती, बँका, शाळा आणि त्यांच्यामागून बदलीवर येणारी कुटुंबे हे ओघाने आलेच. अशा गावांत रस्त्याकडेच्या शेताचे आधी प्लॉट पडतात. दर्शनी प्लॉटवर शटर चढतात, मागे घरे होतात. पार्किंगची आठवण शेवटी होते. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार राहत्या भागात कोणती दुकाने चालतील, हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. म्हणजे आज रस्ता अरुंद सोडला, तर उद्याचा वाद आजच लिहून ठेवला. गुंठेवारीचे तुकडे नियमित करायला 2001 मध्ये कायदा करावा लागला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 2020 च्या अखेरीपर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. चुका आधी, दुरुस्ती मागून, असा हा क्रम आहे.

दुकान आणि घर शेजारी नांदूच नयेत, असे कुणी म्हणत नाही. गोलाईच्या परिसरातही पेढीच्या वर बिऱ्हाडे राहिली. मुद्दा एवढाच की आठवडी बाजार, भाजीचे ओटे, हातगाड्यांची रांग, माल उतरवायची जागा आणि वस्तीतली खुली जागा यांना नकाशावर हक्काचा चौकोन मिळाला पाहिजे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा जाहीर करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या मुदतीत ज्याचा प्लॉट आरक्षणात जातो, तो धावपळ करतो. ज्यांना बाजारात रोज यायचे आहे, ते बहुधा फिरकत नाहीत. आराखडा मंजूर झाल्यावर फेरबदल करायचा म्हणजे पुन्हा जाहीर सूचना, पुन्हा सरकारची परवानगी.

लातूरमध्ये हा वाद इमारती उभ्या राहिल्यावर घातला जातो, म्हणून तो चिघळतो. शिरूरसारख्या गावाभोवती अजून रान मोकळे आहे. भांडायचेच असेल, तर नकाशा कच्चा असताना भांडावे.