गिरकी जिवावरची

हवाई कसरती बघताना आपण श्वास रोखतो आणि विमान सावरले की टाळ्या वाजवतो. मी काही वैमानिक नव्हे. पण या कसरतींतल्या 'स्पिन'चे, म्हणजे गिरकीचे, मला फार कुतूहल आहे. कारण इथे माणसाची उपजत बुद्धीच त्याच्यावर उलटते.

विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर गेले, की पंखांवरचा हवेचा प्रवाह विस्कटतो आणि उचल कमी होते. याला 'स्टॉल' म्हणतात. त्याच वेळी विमान एका अंगाला वळत असेल, तर एका पंखाची उचल दुसऱ्यापेक्षा जास्त घटते आणि विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येते. समोर जमीन दिसते. नाक वर घेण्यासाठी हात आपोआप दांडा मागे ओढतो. पण त्याने स्टॉल सुटत नाही, उलट पक्का होतो.

२५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क या नौदल अधिकाऱ्याचे विमान सुमारे ७०० फुटांवर असे फिरू लागले. दांडा ओढून काही होईना. शेवटचा उपाय म्हणून त्याने सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला दाबले आणि जमीन अवघी ५० फूट उरली असताना विमान सावरले. त्याच डिसेंबरात दुसऱ्या अपघातात पार्क गेला, पण त्याची युक्ती मागे राहिली.

आज बहुतेक विमानांत रीत अशी : इंजिनाचा जोर कमी, सुकाणू उलट, दांडा पुढे. मग भीती कशाची? उपाय माहीत असला, तरी तो लागू पडायला उंची हवी. शेपटीकडे वजन जास्त झाले, तर गिरकी आडवी होते आणि सुटता सुटत नाही. म्हणूनच अनेक विमानांना स्पिनची परवानगीच नसते. सुटल्यावर घाईने वर खेचले, तर पंखांवर ताण येतो. कसरतीच्या विमानांची मर्यादा साधारणपणे ६ 'जी' धरतात. म्हणजे सत्तर किलोंच्या माणसाचा भार चारशे वीस किलो!

खरा कसरतपटू या मर्यादा जमिनीवरच ठरवतो, आणि ठरलेल्या उंचीखाली गिरकी घेत नाही. प्रेक्षक कितीही टाळ्या वाजवोत, त्या आकड्याशी तो तडजोड करत नाही. मला तर त्याच्या धाडसापेक्षा या संयमाचेच मोल अधिक वाटते.