पोलीस कोठडीतील छळ
पोलीस कोठडीतील छळ : गुन्ह्याची कबुली, चोरीचा माल वा माहिती मिळविण्यासाठी किंवा दहशत बसविण्यासाठी ताब्यातील व्यक्तीला पोलिसांनी दिलेली शारीरिक अथवा मानसिक यातना. अटक करताना वा दंगल आवरताना कायद्याच्या मर्यादेत वापरलेले बळ या संज्ञेत येत नाही.

भारतात या प्रश्नाची सविस्तर सरकारी चौकशी १८५५ मध्ये मद्रास इलाख्यात झाली. तेथे महसूल वसूल करणारे कर्मचारीच पोलिसांचे काम करीत. थकबाकी व कबुली या दोहोंसाठी मारहाण, उन्हात उभे करणे, अंग वाकवून बांधून ठेवणे आणि ‘किट्टी’ नावाच्या लाकडी चिमट्याने अवयव आवळणे हे प्रकार सर्रास चालत, असे चौकशी आयोगाला आढळले. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढील कबुली पुराव्यात अग्राह्य ठरविली व १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने तोच नियम कायम केला. मात्र या अधिनियमाच्या कलम २७ नुसार आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडल्यास तिच्याशी निगडित तेवढे कथन ग्राह्य ठरते. साहजिकच मारहाणीने मिळालेली कबुली निरुपयोगी ठरली, तरी आरोपीने ‘काढून दिलेला’ मुद्देमाल उपयोगी राहिला. छळाचा लाभ नाहीसा करण्यासाठी केलेल्या नियमातच त्या लाभाला वाट राहिली, असे म्हणावे लागते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही (कलम २३) ही तरतूद कायम आहे.

छळ हा क्रूर स्वभावाचा परिणाम असल्याची समजूत अपुरी आहे. शास्त्रीय तपासाची साधने व प्रशिक्षण तोकडे, मनुष्यबळ कमी आणि गुन्हा त्वरित उघडकीस आणण्याचा वरिष्ठांचा व लोकप्रतिनिधींचा तगादा, अशा स्थितीत मारहाण हा तपासाचा स्वस्त मार्ग ठरतो. त्याची झळ मुख्यतः वकील वा वशिला नसलेल्या गरिबांना लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविलेल्या जमातींवरील संशय तो कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही सरला नाही. महाराष्ट्रातील पारधी समाजाला त्याचा अनुभव वारंवार आला आहे. लोकमताचा वाटाही दुर्लक्षिता येत नाही. बिहारमधील भागलपूर येथे १९७९-८० मध्ये तीसहून अधिक संशयितांचे डोळे फोडून त्यांत अ‍ॅसिड ओतण्यात आले, तेव्हा अनेक नागरिक पोलिसांच्याच समर्थनार्थ रस्त्यावर उतरले. कैद्यांना डोळ्यांच्या जखमा कशा झाल्या, याची विचारपूसही न्यायदंडाधिकाऱ्यांनी केली नव्हती. त्यावर ताशेरे ओढून, आरोपीला प्रथम न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केल्यापासूनच मोफत वकील मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला.

कबुलीसाठी दुखापत करणे हा १८६० च्या दंड संहितेपासूनच गुन्हा आहे. अडचण आहे ती सिद्धतेची. कोठडीत साक्षीदार असतात ते पोलीस, तपास करणारेही पोलीसच. शिवाय खटला भरण्यास अनेकदा शासनाची पूर्वसंमती आवश्यक मानली जाते. कोठडीतील व्यक्तीच्या अंगावर जखमा आढळल्यास त्या पोलिसांनीच केल्या असे न्यायालयास गृहीत धरता यावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्ये केली. ती कायद्यात उतरली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर (१९८४) भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत होऊनही पुढे व्यपगत झाले.

प्रतिबंधाची दिशा न्यायालयांनीच मुख्यतः आखली. डी. के. बसू खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे साक्षांकित टिपण, नातेवाइकांना सूचना, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट इ. अकरा निर्देश दिले. त्यांतील काही पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत समाविष्ट झाले. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करण्याची तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश प्रकाश सिंह खटल्यात (२००६) देण्यात आला. हे सर्व उपाय बाहेरची व्यक्ती कोठडीपर्यंत किती लवकर पोहोचते, यावर अवलंबून आहेत. अटकेनंतरचे पहिले २४ तास त्या दृष्टीने निर्णायक होत. प्रत्येक पोलीस ठाण्यात ध्वनिमुद्रणासह सीसीटीव्ही कॅमेरे बसवून चित्रण किमान एक वर्ष जतन करण्याचा २०२० चा आदेश याच हेतूने देण्यात आला. देखरेखीसाठी राज्य व जिल्हा पातळीवर समित्या सांगितल्या असल्या, तरी कॅमेरे चालू ठेवण्याची व चित्रण जपण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाकडेच आहे.