धूर दिसला म्हणून टर्बो गेला का?

मागच्या वेळी आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. नैय्यायिकांचं ठरलेलं उदाहरण होतं : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. आज तोच विषय पुढे न्यायचा आहे, पण डोंगरावरून नाही, करंजी घाटातून.

गेल्या हंगामात माझा भाचा कांदा भरून तिसगावहून नगरला निघाला. डिझेलची पिकअप. घाटाच्या चढाला गाडी ओढेना, मागे काळा धूर. स्कॅनर लावला तर बूस्टचा दाब कमी. कारागीर म्हणाला, टर्बो गेला, चाळीस हजार धरून चाला. भाच्याने मला फोन केला. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला मी काय म्हणालो? "जाणकार सांगतोय ना, मग बदलून टाक." कांद्याला भाव नव्हता, चाळीस हजार म्हणजे अख्ख्या हंगामाची कमाई. हा माझा सल्ला चुकीचा होता. का, ते आज सांगतो.

आधी यंत्र समजून घेऊ. डिझेल जाळायला हवा लागते. जास्त हवा दाबून भरली तर जास्त डिझेल जाळता येतं, ताकद वाढते. हवा दाबणारा पंप एक्झॉस्टच्या धुराने फिरत असेल तर तो टर्बो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने त्याचं पेटंट १९०५ साली घेतलं. तोच पंप इंजिनाच्या पट्ट्याने किंवा गिअरने फिरत असेल तर तो सुपरचार्जर. आपलं नगर चिलखती दलाचं केंद्र. टी-७२ रणगाड्याच्या बारा सिलिंडरच्या, ७८० अश्वशक्तीच्या इंजिनाला असा गिअरवर फिरणारा सुपरचार्जर असतो. पंप कसाही फिरो, दाब कमी का झाला हे शोधायची रीत बरीचशी एकच.

आता मुद्दा. टर्बो बिघडला की दाब पडतो, हे खरं. पण दाब पडला की टर्बोच बिघडला, हे खरं नाही. नैय्यायिक सांगत आलेत की धूर असेल तिथे आग असतेच, पण आग असेल तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते 'उपाधि' म्हणतात. आमच्या पिकअपच्या अनुमानातही एक उपाधि लपली होती : बाकी सगळं धड असेल तरच दोष टर्बोचा. ते 'बाकी सगळं' कोणी तपासलंच नव्हतं.

तर तपासायचं कसं? स्वस्तातून महागाकडे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळतच नाही.

पहिला प्रश्न आकड्यालाच विचारा : तू खरा आहेस का? इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवा. दाबाच्या सेन्सरने तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रकिनारी तो सुमारे १.०१ बार, नगरची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणून इथे ०.९४च्या जवळ. भलताच आकडा आला तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा.

दुसरं, एअर फिल्टर. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर चोंदतो.

तिसरं, पंपापासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप आणि क्लॅम्प. चढाला फुस्स आवाज येतो का? पाइपावर तेलाचा ओला डाग आहे का? इंजिन थंड असताना पाइपाची तोंडं बंद करून अगदी कमी दाबाची हवा सोडा आणि साबणाचं पाणी लावा. पंक्चरवाला ट्यूब बुडवून बघतो, तेच तत्त्व.

चौथं, पंपाला ताब्यात ठेवणारे भाग. टर्बोला वेस्टगेट, त्याचा अॅक्च्युएटर आणि व्हॅक्यूमची बारीक नळी. सुपरचार्जरला पट्टा आणि बायपास व्हॉल्व्ह. पट्टा घसरत असेल तर वेग वाढेल तसा दाब कमी पडत जातो आणि पुलीजवळ काळी भुकटी दिसते. बायपास उघडा अडकला असेल तर दाब धड बनतच नाही.

पाचवं, टर्बोच्या आधी एक्झॉस्ट गळतोय का, पुढे चोंदलाय का.

हे सगळं झालं, की मग टर्बोचा शाफ्ट हलवून बघा, पाती बघा. तिथे दोष दिसला तर खुशाल बदला.

अजून एक गंमत आहे, बरं का. दाब म्हणजे हवा नव्हे. ठिबकवाल्यांना हे माहीत आहे. शेवटचा कॉक बंद केला की गेजवरचा काटा वर चढतो, पण शेतात पाणी जास्त जातं का? उलट कमी जातं. तसंच, इंजिनाने हवा सहज आत घेतली तर बूस्टचा आकडा थोडा उतरतो आणि ताकद मात्र वाढते. म्हणून आकडा एकटा वाचू नये. ओढ, धूर, आवाज यांच्याबरोबर वाचावा.

भाच्याने माझं ऐकलं नाही, हे बरं झालं. त्याने दुसऱ्या कारागिराकडून पाइप सोडवून घेतले. क्लॅम्पच्या खाली, वरून दिसणार नाही अशी बोटभर चीर होती. भार आला की ती उघडायची, गाडी उभी असली की मिटायची. हवा बाहेर जात होती, डिझेल मात्र पडत होतं, म्हणून काळा धूर. पाइप बदलला, गाडी घाट चढली. टर्बो अजून तोच आहे.

पहिल्या कारागिराला मी लबाड म्हणणार नाही. त्याने जी उडी मारली, तीच मी फोनवर मारली. फरक इतकाच की पैसे आम्हा दोघांपैकी कोणाचेच जाणार नव्हते. ज्याचे जाणार होते, त्याने विचारलं, "अजून काय काय असू शकतं, मामा?" आता कोणी सांगितलं की अमुक भाग गेलाय, तर तुम्हीही एवढंच विचारा : बाकी काय काय तपासलं?

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.