सगळा खेळ अंगठ्याचा!

गेल्या शनिवारी रेवदंड्याच्या खाडीवर जिताडा समोर उसळला. मी ऐटीत नव्या बेटकास्टिंग रीळने गरी फेकली आणि तंगुसाचं चक्क घरटं झालं! ते सोडवेपर्यंत जिताडा पसार. दोष रीळचा नव्हता; गरी पाण्यात पडली तरी स्पूल फिरतच होतं, अंगठा टेकवायला मी विसरले.

तर फंडा ऐका. बजेट बेताचं? बाहेरून डायल फिरवून जुळणारा मॅग्नेटिक ब्रेक पुरे. खिसा सैल असेल तर न गंजणारी बेअरिंग्ज आणि दणकट ड्रॅग बघा. खोल बुडणाऱ्या ल्युअरला 5:1 गिअर, पाण्यावर नाचणाऱ्याला 7:1. एकच घ्यायचंय? मग 6:1. पाच ग्रॅमच्या चिमुकल्या ल्युअरला मात्र स्पिनिंग रीळच बरं. खाडीवरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा.

आणि अंगठा? तो फुकट मिळालाय, वापरा!