ऑर्गन, टाळ आणि पडदा

हैदराबादचा सुलतान बाजार 1933 पर्यंत रेसिडेन्सी बाजार होता. त्या वर्षी ब्रिटिश रेसिडेंटच्या हद्दीतला हा भाग निजामाकडे परत गेला. तोवर इथे संस्थानात इतरत्र दुर्मीळ असलेला मोकळेपणा होता. 1892 साली आर्य समाज इथे उभा राहिला. 1901 साली याच परिसरात तेलुगूंचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम सुरू झाले आणि पुढे जवळच जांबागेत विवेक वर्धिनी शाळेने मराठी मुलांना शिकवले. गोऱ्या साहेबांची इंग्रजी उपासना, तेलुगू ख्रिस्ती कीर्तने आणि मराठी घरांतले हरिपाठ, सारेच या शहराच्या कानावर पडत होते. एक जुना ख्रिस्ती प्रश्न इथूनच मागे वळून पाहावासा वाटतो: देवापुढे कोणती कला न्यावी? सुशिक्षितांची की बाजारातली?

आपल्याकडे या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर गोव्यात मिळाले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली तिथे आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! या ग्रंथाचे कारण ग्रंथातच आले आहे. बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, आता वाचायचे काय? या प्रश्नात खरी तहान आहे. स्टीफन्सने ती ओळखली आणि युरोपची नक्कल न देता ओवी दिली. ही ओवी जात्यावर बाया गात होत्या आणि ज्ञानेश्वरांचे तत्त्वज्ञानही तिच्यातच उतरले होते. मराठीत श्रेष्ठ आणि लोकप्रिय यांच्यात भिंत उभी राहत नाही, याचा हा भक्कम पुरावा. पुढे 1684 साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर फर्मान काढले, तरी पुराणाची हस्तलिखिते टिकली.

एकोणिसाव्या शतकात मात्र ती भिंत आली, आणि माझ्या मते तिने नुकसान केले. मिशनच्या मंडळ्यांमध्ये पाश्चात्त्य चालींवर बसवलेली मराठी गीते ऑर्गनच्या साथीने गायली जाऊ लागली. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्या सुरांत ओढले-ताणले जात. गावातल्या माणसाला वाटे, देव बोलावतो आहे, पण परक्या आवाजात. तमाशा, जत्रा, पोवाडा हे तर संशयाचेच विषय होते. तरीही त्याच काळात अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. निजामी मुलखात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वस्ती वसवली. मराठी ख्रिस्ती जीवनाचा एक मुख्य धागा असा हैदराबाद राज्यातूनही जातो. हे आपण सहज विसरतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

नंतर आले नारायण वामन टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते नाव मिळवलेले कवी होते. संस्कृत काव्यशास्त्र त्यांना येत होते, पण मंडळीसाठी त्यांनी अभंग आणि भजन निवडले. ‘अभंगांजली’ वाचताना तुकोबांचा शेजार सतत जाणवतो. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे ठेवून ते 1919 साली गेले. ते पूर्ण करण्याचे बहुतेक काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी केले. या बाईंचे औपचारिक शिक्षण नगण्य होते. त्यांनी बोलीभाषेत लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ आज मराठी गद्याच्या पहिल्या रांगेत आहेत. अभिजात आणि लोकांचे, अशी वर्गवारी करणाऱ्याने आधी हे पुस्तक कुठे ठेवायचे ते ठरवावे.

तेलुगूतही वाट वेगळी नव्हती. पुरुषोत्तम चौधरी (1803–1890) यांची ख्रिस्ती कीर्तने राग-तालात बांधलेली आहेत आणि अक्षर न येणाऱ्यांनाही ती तोंडपाठ असत. रागदारीला त्यामुळे कमीपणा आला असे कोणी म्हणू शकेल का?

पडद्याचा प्रश्न जास्त अवघड होता. चर्चमधल्या अनेक वडीलधाऱ्यांना सिनेमा म्हणजे मोह वाटे. पण मुंबईत 1910 च्या सुमारास ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना दादासाहेब फाळक्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. 1978 साली तेलुगू ‘करुणामयुडु’ प्रदर्शित झाला. येशूची भूमिका विजयचंदर यांनी केली. ‘दयासागर’ या नावाने तो हिंदीत गेला, आणि थिएटरबाहेर प्रचारकांनी गावोगावच्या मैदानांत तो दाखवला. याच नटाने 1986 साली तेलुगू पडद्यावर शिर्डीचे साईबाबा उभे केले. धर्मशास्त्रज्ञांना हे अडचणीचे वाटू शकते. दख्खनच्या प्रेक्षकाने मात्र दोन्ही चित्रपट सारख्याच आदराने पाहिले असतील, असे मला वाटते.

आज तक्रार नव्या भक्तिगीतांबद्दल आहे: कीबोर्ड, सिनेमाच्या चाली, मोबाइलवरचे व्हिडिओ. तक्रारीचा एक भाग मला मान्य आहे. त्यातली पुष्कळ गीते घाईने लिहिलेली असतात आणि एकाच शब्दाभोवती फिरतात. चाल बाजारातली आहे, हा मात्र दोष नव्हे. टिळकांनीही लोकांच्याच चाली घेतल्या, पण शब्दावर कवीची मेहनत केली. ती मेहनत आज मंडळ्यांनी मागितली पाहिजे, आणि लिहिणाऱ्या तरुणांना छंद शिकवण्याची सोयही केली पाहिजे.

शेवटी पुन्हा हैदराबादकडे वळू: 1931 साली मराठी साहित्य संमेलन इथेच भरले. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. पुढे जानेवारी 2020 मध्ये, एकेकाळी याच संस्थानात असलेल्या उस्मानाबादेत, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या खुर्चीवर बसले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा हा माणूस तुकोबा-ज्ञानोबांना आपले पूर्वज मानत होता, आणि चार शतकांपूर्वी रायतूरला सुरू झालेल्या कामाचा तो वारस होता.