जंतूला भाषा कुठे कळते?

सुरतच्या डिंडोलीत एका गल्लीत अहिराणी कानावर पडते, पुढच्या गल्लीत ओडिया, त्याच्या पलीकडे भोजपुरी. उधना–जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातली माणसं इथे आली, लूमवर आणि साड्यांच्या बाजारात कामाला लागली, आणि पुढे घरदार आणून इथलीच झाली. अशी बहुभाषी कामकरी शहरं जगभर आहेत. तिथल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: सिफिलिस, म्हणजे बोलीतली गरमी, सगळ्या समाजांत सारख्या प्रमाणात सापडत नाही. अमेरिकेत हा फरक कित्येक दशकं नोंदला जातो आहे. मग या जंतूला माणूस कुठल्या समाजाचा आहे हे कळतं की काय?

आधी जंतूकडेच बघू. ट्रेपोनेमा पॅलिडम हा पीळदार जीव इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नाही. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी तो पहिल्यांदा ओळखला. त्याच्याकडे जेमतेम हजारभर जनुकं. एकाचे दोन व्हायला त्याला तीसेक तास लागतात. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायला अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटं पुरतात. शरीराबाहेर तो फार टिकत नाही. प्रयोगशाळेत त्याला सतत वाढवत ठेवणं शास्त्रज्ञांना जमलं ते थेट २०१८ साली. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर जगणाऱ्या जिवाला जात, भाषा, वंश पारखायला सवड कुठली!

त्याला पकडणारी व्हीडीआरएल तपासणी तर त्याहून नवलाची. तिच्या द्रावणात जंतू नसतोच. असतं ते बैलाच्या हृदयातून काढलेलं कार्डिओलिपिन नावाचं स्निग्ध द्रव्य, सोबत लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. तंत्रज्ञ रुग्णाच्या रक्तातला सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवतो, काचपट्टीवरच्या गोलात त्याचा थेंब ठेवतो, त्यात द्रावणाचा थेंब सोडतो आणि पट्टी यंत्रावर चार मिनिटं फिरवतो. मग सूक्ष्मदर्शकातून पाहतो. थेंब एकसारखा राहिला तर तपासणी निगेटिव्ह. बारीक गुठळ्या दिसल्या तर शरीराने या स्निग्ध द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत, म्हणजे सिफिलिसची दाट शंका. मग दुसऱ्या तपासणीने खात्री करायची. गुठळीकडे पाहून रुग्ण खानदेशातल्या अमळनेरचा की ओडिशातल्या गंजामचा, हे कुणालाही सांगता येणार नाही.

मग फरक येतो कुठून? रोग पसरणार की विझणार हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: एका संबंधात लागण होण्याची शक्यता, जोडीदार बदलण्याचा वेग, आणि बाधित माणूस किती दिवस संसर्ग देत राहतो तो काळ. वंश या सूत्रात कुठेच नाही. शिकागोच्या एडवर्ड लॉमन आणि यूसिक यूम यांनी १९९९ साली अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं, की संबंधांचं जाळं कसं विणलेलं आहे यावर बरंच अवलंबून असतं. संबंध समाजाच्या आतच राहत असतील, तर एकदा शिरलेला रोग तिथेच फिरत राहतो. मग दोन माणसांचं वागणं अगदी सारखं असलं, तरी धोका सारखा राहत नाही.

सुरतेत हे समजायला फार लांब जावं लागत नाही. बारा तासांची पाळी करणारा ओडिया लूम कामगार बहुधा एकटाच येतो, मेसमध्ये राहतो. तिथे दिवसपाळी आणि रातपाळी एकाच अंथरुणावर आळीपाळीने झोपते. डिंडोलीतला खानदेशी बहुधा बायकामुलांसह राहतो. सुरतच्या रेड लाइट भागातल्या स्त्रियांच्या तपासणीचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाचांतल्या एकीहून अधिक जणींना सिफिलिस आढळला होता, आणि त्यांनाही तो कुणाकडून तरीच मिळाला होता. उद्या दोन समाजांचे आकडे वेगळे निघाले, तर कारण रक्तात शोधायचं की घरदार आणण्याची ऐपत नसलेल्या पगारात?

हा प्रश्न चुकीच्या बाजूने सोडवला की काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेद ग्रंथात हा फिरंग रोग, म्हणजे फिरंग्यांचा, आहे, इटलीत तो फ्रेंचांचा होता, रशियात पोलंडचा. दोष ढकलण्यापुरतं हे थांबलं नाही. गोऱ्यांत आणि काळ्यांत हा आजार वेगळा वागतो अशा समजुतीतून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने १९३२ साली टस्कीगी इथे ३९९ बाधित कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन हाती आल्यावरही ते त्यांना दिलं नाही. हे १९७२ पर्यंत चाललं.

आणि औषध तर साधं! हा जंतू आजही पेनिसिलिनला शरण जातो. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तांगावरच्या जखमेसाठी पांढऱ्या खोक्यातलं तीन नंबरचं किट असतं: बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळी. सुरुवातीच्या सिफिलिसला हे एकच इंजेक्शन पुरतं. गर्भवतीला वेळेत मिळालं तर पोटातलं बाळही वाचतं. अडचण एकच, पहिली जखम दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. माणूस निश्चिंत होतो, रोग आत राहतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ आणतो, आणि कित्येक वर्षांनी हृदय, मेंदू धरतो.

गुणाकारातली तिसरी गोष्ट, संसर्गाचा काळ, आपल्या हातात आहे. म्हणून जखम दिसली तर मेडिकलवरून गोळी आणून गप्प बसू नका. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा, जोडीदारालाही न्या. तपासणी आणि औषध मोफत आहे, नाव गुप्त राहतं. आणि हा आजार कुठल्या लोकांचा असं कुणी विचारलं, तर सांगा: ज्यांना दवाखान्यात पोहोचायला उशीर होतो, त्यांचा.